आपांच्या हालचालीबाबत

पनवेल, शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर

प्रिय भाची नशरा,

अस्सलामु अलैकुम. तू, झुबेरमियाँ आणि छोटी यूम्ना खैरियतीनं असाल. इकडे तुझ्या अम्मी, म्हणजे आमच्या आपा, ठणठणीत आहेत आणि माझी साखर वाढली आहे (कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो). फोनवर बोललो की आपा स्वयंपाकघरातून सगळं ऐकतात, म्हणून हे पत्र सुट्टीवर आलेल्या तौसीफच्या हाती. तो परवा दोह्याला परततोय.

तू बजावलंस, "मामू, अम्मी परत बाथरूममध्ये पडायला नको. महिनाअखेरपर्यंत हालचाल कळवणारा सेन्सर आणि मोबाइलवरून चालणारे स्विच लागले तर ठीक, नाहीतर मी येऊन तिला घेऊन जाते." तेव्हापासून दोह्याचं नाव काढलं की आपांना अन्न गोड लागत नाही. मला तर झोपच नाही. आज बावीस तारीख, पोरी!

उशीर माझ्यामुळे झालेला नाही. झुबेरमियाँनी न विचारता आठ स्विच पाठवले, ते निघाले चौकोनी. आपले बोर्ड लांबट. (बाहेरून आलेली वस्तू चांगलीच असणार, असं आपल्या खानदानात आजवर कुणी तपासून पाहिलेलं नाही. मीही गल्लीभर मिरवले.) खालच्या गाळ्यातल्या भरत वायरमननं बोर्ड उघडला नि म्हणाला, "चाचा, याला न्यूट्रलची वायर लागते. तुमच्या बोर्डात न्यूट्रलच नाय." अरे, चाळीस वर्षं आम्ही त्याच्याशिवाय दिवे लावले! मग मी बाजारातून हौसेनं सेन्सर आणला, तर तो तुमच्या ॲपशी बोलेना. शेवटी इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या प्रांजलनं मला खुर्चीवर बसवून सुनावलं, की काका, बोर्डाचं माप, न्यूट्रल आहे की नाही, आणि सगळं कोणत्या ॲपवर चालणार, एवढं लिहून आणा, मगच वस्तूला हात लावा. ही मुलगी आधी भेटायला हवी होती. तिनं दोन दिवस वापरून बघायला एक जुळणारा सेन्सर दिला. तो हॉलमध्ये लावून तुझ्या मोबाइलला जोडला.

आणि मंगळवार उजाडला. मी बाजारात कोथिंबीर निवडतोय, तेवढ्यात तुझा फोन, "मामू, चाळीस मिनिटं घरात हालचाल नाही! अम्मी फोन उचलत नाही!" कोथिंबीर तिथंच टाकली. रिक्षा एसटी स्टँडपाशी अडकली, तशी उतरून धावलो (हे गुडघे घेऊन!). दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार बडवलं, आतून ओ नाही. अल्लाहला मी काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही, निभवावं लागेल. भरतनं खांदा मारून कडी उखडली.

आपा नमाजाच्या मुसल्ल्यावर बसलेल्या, हातात तसबीहची माळ, डोळे मिटलेले. दारापाशी जग बुडालं तरी त्यांनी दाणा सोडला नाही. सगळं पुरं केलं, दुआ मागितली, मग मान वळवून विचारलं, "कडी कोण बसवून देणार?" मी तिथंच फरशीवर बसलो आणि रडलो, नशरा. भरतसमोर रडलो. त्या सेन्सरला फक्त हलणारा माणूस दिसतो. शांत बसलेला त्याच्या लेखी घरातच नसतो. प्रांजलनं आता बसलेला माणूसही ओळखणारा सेन्सर शोधलाय, आपल्या ॲपवर चालणारा. तेव्हा तू काळजी करू नकोस, तिकीट तर मुळीच काढू नकोस.

दुआत आठवण ठेव.

तुझा मामू,
नझीर

ता. क. : चौकोनी स्विच तौसीफच्या बॅगेत तळाशी घातलेत. त्याला सांगितलेलं नाही.

दुसरं ता. क. : आता खरं सांगतो. भरतनं न्यूट्रलची वायर ओढली, प्रांजलकडचे लांबट स्विच आणि नवा सेन्सर काल बसले आणि चालताहेत. एक स्विच तेवढा मी खिशात ठेवलाय. काम संपलं कळलं की आपा म्हणतील, जा आता आपल्या घरी तळोज्याला. तिथं मुलगा-सून दोघं शिफ्टला, दिवसभर मी आणि टीव्ही. इथं दोन महिने आपांच्या हातचं जेवतोय आणि बोलणी खातोय. त्यांना नेऊ नकोस, बेटा. आणि त्यांनी फोनवर विचारलंच, तर सांग, मामूंचा एक स्विच अजून जुळत नाही.