आईचा गुलाब मी कोणालाही देत नाही

मी, लूडी मे क्रेनशॉ, कै. क्लीओफस क्रेनशॉ यांची विधवा, वय त्र्याऐंशी, राहणार पर्ल बेंड, मिसिसिपी, असे लिहून ठेवते की माझे गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. पुढचा मजकूर मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. मला सांगू शकतील अशी माणसे केव्हाच वर गेली. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

कलम १. राहते घर व जमीन माझा मुलगा ऑर्व्हल, राहणार ह्यूस्टन, यास मिळावी. तो ती विकणार हे मला ठाऊक आहे आणि माझी हरकत नाही. मात्र खाडीच्या दमट हवेने खिडक्या फुगून बसतात, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम २. बिडाचा तवा सून डार्लीन हिला. तिने तो साबणाने घासू नये. घासलाच तर मला कळेल.

कलम ३. बँकेत असेल त्यातून माझी माती व्हावी, उरलेले चर्चच्या पंख्यांसाठी द्यावे. ऑगस्टात प्रवचन लांबते, बायका उकाड्याने घेरी येऊन पडतात आणि पाद्रीबुवांना वाटते की अंगात पवित्र आत्मा आला.

कलम ४. कुंपणापलीकडचे हॉलिस टार्प्ली यांना काहीही नाही, सल्लासुद्धा नाही. हा गृहस्थ मोठमोठ्या नावांचे गुलाब विकत आणतो, तोंडाला फडके बांधून दर शनिवारी औषध फवारतो, आणि जुलै लागला की पानांवर काळे ठिपके पडून त्याच्याकडे नुसत्या काठ्या उरतात. माझ्या झाडाला तो रानझुडूप म्हणाला होता. मी ते विसरलेले नाही.

कलम ५. मागच्या पायरीजवळचा गुलाब. त्याचे खरे नाव कोणालाच माहीत नाही. आम्ही त्याला आईचा गुलाब म्हणतो. कुत्रीसुद्धा ओसरीखालून उठत नाहीत अशा घामट दिवसांत तो फुलतो. त्याला औषध लागत नाही. पाणी सकाळी आणि मुळाशी घालावे, पानांवर कधीही नाही. दोन झाडांमध्ये वारा खेळेल इतकी जागा सोडावी. बुंध्याशी पाइनच्या वाळक्या काड्या पसराव्यात. फेब्रुवारीत हलक्या हाताने छाटावा, न्हाव्यासारखे भादरू नये. फांदी लावायची तर पेन्सिलीएवढी जाड घ्यावी, सावलीत खोचावी, वर काचेची बरणी उपडी घालावी आणि रोज उपटून मुळे बघू नयेत.

आईचे घर नव्या रस्त्याखाली गेले, मूळ झाडही त्याबरोबर गेले. आता उरला तो एवढाच.

माझी धाकटी बहीण झेल्फा शिकागोत जन्म काढून परत आली, तेव्हा मी याचेच एक रोप कॉफीच्या डब्यात लावून तिच्या दारी नेले. रोप दिले तर आभार मानायचे नाहीत, मानले तर रोप मरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. झेल्फाने डबा हातात घेतला आणि म्हणाली, "थँक्यू गं, लूडी!"

"मारलंस ना ते, भवाने!"

"अगं, रीत आहे ती. शिकागोत सगळे म्हणतात."

"मग तिथंच राहायचं होतंस!"

रोप गेले. ती म्हणाली, मी कुजके दिले. मी म्हणाले, तिने मुद्दाम मारले. तेव्हापासून चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर दोन टोकांना बसतो आणि बोलत नाही. तिच्या अंगणात आईचे काहीही नाही. मला याचे फार वाईट वाटते. ती मागणार नाही, आणि मी पुन्हा दिले तर तिची जीभ पुन्हा वळवळेल.

पण आमच्याकडे असेही म्हणतात की चोरलेली फांदी हमखास लागते. आईने स्वतः या गुलाबाची पहिली फांदी कबरस्तानाच्या कुंपणावरून मोडून आणली होती. म्हणून हे झाड मी कोणालाही देत नाही. वकीलबाई म्हणतात, मग ते घराबरोबर ऑर्व्हलकडे जाईल. जाऊ दे. पण माझ्यामागे एक हिवाळा उलटेपर्यंत त्याने घर विकू नये, मागच्या फाटकाला कुलूप घालू नये, आणि छाटणीची कात्री फाटकाजवळच्या खिळ्यावर तशीच ठेवावी. एखादी म्हातारी आत शिरलेली दिसली तर घरात बसून राहावे. खोकूसुद्धा नये.

वकीलबाईंनी बजावले की साक्षीदार असे हवेत, ज्यांना या कागदातून काही मिळत नाही. असे दोघेच सुचले. दोघांनाही आज बोलावून सर्व मजकूर वाचून दाखवला. टार्प्ली म्हणाले, "रानझुडूप मी कौतुकानं म्हणालो होतो हो, लूडीबाई." कलम ४ तसेच राहील.

सही करण्यापूर्वी एवढे माझ्या हाताने वाढवते. कलम ५ ऐकताना झेल्फाचे डोळे भरून आले. तिने बोलायला तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि मिटले. मग पर्समधला रुमाल शोधत म्हणाली, "तुझं ते फाटक फार करकरतं, लूडी. तेल घालून ठेव."

सही: लूडी मे क्रेनशॉ

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली, आणि आम्हांला यातून काहीही मिळत नाही:
१. हॉलिस टार्प्ली
२. झेल्फा रुथ डॉकरी

पर्ल बेंड, मिसिसिपी
९ जून १९९८