राखाडी ठेवलेलं लुगडं

नाना,

आज आठवीच्या वर्गात डायनोसोरचे रंग शिकवले आणि मग दिवसभर मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत राहिले. धुळ्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही खिडकीखाली बसलेले असायचात. मांडीवर पाट, पाटावर कुणाचा तरी काळापांढरा फोटो, हातात काडीला गुंडाळलेला कापूस. अंगात शर्ट, त्याचं पुढे सांगते. स्टुडिओवाले गेलेल्या माणसांचे फोटो रंगवायला तुमच्याकडे द्यायचे. रंग लावण्याआधी तुम्ही घरच्यांना बोलावून घ्यायचात आणि एकच विचारायचात, अंगावरचं कापड कोणत्या रंगाचं होतं? कोणालाच नक्की सांगता आलं नाही, तर चेहरा रंगवून कापड तसंच राखाडी सोडायचात. स्टुडिओवाले वैतागायचे. आईसुद्धा वैतागायची, असल्या हट्टाने पोट भरतं का म्हणायची.

साक्रीकडची ती म्हातारी मला अजून दिसते. तरण्या लेकीचा फोटो पदराखाली धरून ती उंबऱ्यात बसली आहे, शेजारी जावई. तो म्हणतो लुगडं लाल होतं, ती म्हणते हिरवं. थोडा वेळ वाद होतो, पण छातीठोकपणे दोघांनाही सांगता येत नाही. तुम्ही लुगडं राखाडी ठेवलंत. फोटो न्यायला आली तेव्हा म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लेक गई, आते तिना रंगबी गया का?" तुम्ही पुढचा फोटो पाटावर घेतलात. मला तुमचा फार राग आला होता. हिरवा लावला असता तर काय बिघडलं असतं? पुढे एकदा मी मासिकातल्या डायनोसोरला तुमचाच हिरवा रंग फासत होते, तर तुम्ही विचारलंत, "तू देखं का त्याले?" सगळे हिरवाच काढतात, मी म्हटलं. तुम्ही कापसाने तो पुसून टाकलात. म्हणालात, "जठे ठाऊक नही, तठे रंग लावाना नही." मी रडले, पण तुम्ही समजूत काढली नाहीत.

तर नाना, काही डायनोसोरांचा रंग आता खरंच कळतो. दगडात दबलेल्या पिसांमध्ये रंगाचे अगदी बारीक कण टिकून राहिलेले सापडले. कण लांबट असले तर पीस काळं, गोल असले तर तांबूस, असं आजच्या पक्ष्यांच्या पिसांशी ताडून ठरवतात. चीनमधल्या एका लहानशा डायनोसोरच्या शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे होते म्हणे. मुलं खूश झाली. मग एका मुलीने विचारलं, आपल्या नर्मदेकाठी सापडले त्यांचा रंग कोणता? मी सांगितलं, त्यांची हाडं मिळाली, अंडी मिळाली, कातडी किंवा पिसं नाही मिळाली, त्यामुळे ते कळणार नाही. कधीच नाही का, तिने विचारलं. बहुतेक कधीच नाही, म्हटलं, आणि फळ्याकडे वळले.

तुमचा एकच फोटो आहे, स्टुडिओत कोणीतरी दिवा तपासायला म्हणून काढलेला. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. त्यातला शर्ट आई पांढरा म्हणायची, आत्या पिस्ता म्हणायची. दोघीही आता नाहीत. म्हणून इतकी वर्षं इथे जळगावच्या घरात तो भिंतीवर काळापांढराच होता. मागच्या महिन्यात तुमच्या धाकट्या लेकाने तो मोबाइलमध्ये घालून रंगवला. चहाला उकळी येईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. आकाशी शर्ट, गुलाबी ओठ. नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, अगदी नाना. मोठा करून त्याने तो भिंतीवर लावला, तेव्हा मी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तू खरा रंग सांग, आत्ता बदलतो."

मला सांगता आला नाही. रोज सकाळी तुम्ही माझ्यासमोर तो शर्ट घालून, बाह्या दुमडून कामाला बसत होतात आणि मला त्याचा रंग सांगता आला नाही. या फोटोत रंगाचे कसलेही कण नाहीत, कुठल्याही भिंगाखाली धरला तरी. त्या म्हातारीच्या मनातलं हिरवं लुगडं तुम्ही तिच्यापाशी तसंच राहू दिलंत, हे मला आता कळतं. माझ्यापाशी तेवढंही उरलेलं नाही.

हा कागद मूळ फोटोसोबत कपाटात ठेवून देईन, दुसरीकडे कुठे पाठवणार? पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. तो काळापांढरा फोटो मी रोज काढून बघते, डोळ्यांतला आकाशी पुसला जावा म्हणून. काल पोळ्या लाटताना तुम्ही एकदम आठवलात, खिडकीखाली, मांडीवर पाट, हातात काडी आणि कापूस. अंगात आकाशी शर्ट होता, नाना, आणि मला तो खरा वाटला.