कुपी हलवू नये

मी, खाली सही करणारी, औषधशास्त्रज्ञ, शरीराने पार खिळखिळी पण डोक्याने ठणठणीत, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, मात्र भरपूर रागात लिहीत आहे. रागात लिहिले म्हणजे बुद्धी ठिकाणावर नव्हती, असा अर्थ कोर्टात कोणी काढू नये.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा नवऱ्याला. घराशी माझे भांडण नाही.

२. नोकरीमुळेच मला कॅन्सर झाला असे चारचौघांत सांगत फिरणाऱ्या नणंदेला माझा विग. त्या निमित्ताने तिच्या डोक्याचा काहीतरी उपयोग होईल.

३. आता मुख्य गोष्ट. कॅन्सरवरचे एक जालीम औषध पाण्यात विरघळत नाही. ज्या तेलकट द्रवात ते विरघळवून देतात, त्याने शिरांची आग आग होते. सध्या दर खेपेला ती मी सोसते आहे. म्हणून नवऱ्याने आणि मी ते औषध चरबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत भरून शिरेत सोडायची पद्धत काढली. पेटंट दोघांच्या नावे आहे. दोघांच्या सह्यांशिवाय ते विकता येत नाही.

अडचण एकच. कुपी ठेवून दिली की कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी साका बसतो. कंपनीचे लोक बघायला आले, तेव्हा दार उघडण्याआधी नवऱ्याने कुपी खसाखसा हलवली आणि दुधासारखी पांढरी करून त्यांच्यापुढे ठेवली. ते गेल्यावर मी भांडले.

“अगं, देताना नर्स हलवणारच आहे ना?”

“गुठळ्या हलवून सुटत नाहीत, नुसत्या दिसेनाशा होतात. आणि फुफ्फुसात जाऊन अडकतात.”

“तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचंच असतं.”

खुसपट! माणसाच्या शिरेत जाणाऱ्या गुठळीला हा खुसपट म्हणतो! तेव्हापासून मी सही अडवून धरली आहे. आता सगळे माझ्या मरणाची वाट बघत आहेत.

४. म्हणून पेटंटमधला माझा हिस्सा धाकट्या बहिणीला. ती गणिताची शिक्षिका आहे. “ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही,” म्हणते. कळायची गरज नाही. नवरा सुधारून देईल ती नवी कुपी तिने आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवावी आणि वर्षभराने, न हलवता, बघावी. साका नसेल तर सही करावी. असेल तर करू नये, कोणी कितीही गयावया केली तरी. तिने शाळेच्या संस्थाचालकाच्या मुलाला नापास केलेले आहे, तेव्हा मला काळजी नाही.

५. नवरा कोर्टात जाईल, म्हणून हेही लिहून ठेवते. मागच्या महिन्यात मी त्याला म्हटले, “तयार आहे म्हणतोस ना? मग मलाच दे.”

तो कुपी हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, “तुला नको गं,” आणि रडला.

त्याचा माझ्यावर जीव आहे, हे मला कळते. म्हणूनच जास्त संताप होतो. जे त्याला स्वतःच्या बायकोला देववले नाही, ते दुसऱ्या कोणाच्या बायकोला द्यायचे नाही.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ११ मार्च, पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी

सही: (केली)

साक्षीदार: १. आमच्या डॉक्टरीणबाई. २. शेजारचे शिंपीकाका. दोघांनी माझी सही होताना पाहिली.

कलम ५ खरे असल्याबद्दल नवऱ्याची सही: (जागा कोरी ठेवली आहे. त्याला वेळ लागेल.)