नैरोबीला तुमच्या नावाने

प्रिय आबा,

आज कुसुमचं हवाईपत्र आलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले, हे तुमच्या लेकीला नैरोबीत अजून कळवलेलं नाही. तिला दिवस गेलेत, मागचं बाळ दगावलं होतं, म्हणून आईने मला बजावलं, "तिले आता काही कळवू नको. मोकळी होऊ दे." मी ऐकलं. ऐकायला नको होतं का?

पत्रं तुम्ही सांगायचा आणि मी लिहायचो, त्यामुळे अक्षर माझंच. तुमच्यामागे तुमच्या नावाने खोटं चालवणं किती सोपं गेलं, आबा!

तुमची बापलेकीची पत्रं म्हणजे निम्मा सिनेमाच. तिथे रविवारी गुजराती, पंजाबी, आपली चार मराठी घरं, सगळी नटूनथटून टॉकीजला जातात. पडद्यावर कापसाचं रान दिसलं की ही शेजारणीला सांगते, हे आमच्याकडचंच. सिनेमाचं नाव ती कळवायची आणि तो खामगावात लागला की तुम्ही जायचा. पण गावी परतायची जलंबची शेवटची गाडी चुकू नये म्हणून शेवटाआधीच उठायचा! उरलेलं ती पुढच्या पत्रात लिहायची. "शेवट कुसुमले इचारतो," असं तुम्ही गावभर सांगायचा. एकदा तरी मुक्काम करून पुरा बघा, असं मी म्हणालोही होतो. तुम्ही म्हणालात, मग ती काय लिहील?

आणि मी शहाणा! मागच्या पत्रात तुमच्या नावाने सिनेमा लिहिला, पार शेवटापर्यंत. हरवलेली आई सापडते तिथे डोळे भरून आले, असंही वर घातलं.

आज ती विचारते, "आबांनी शेवट पाहिला? मग गाडी कोणती पकडली? दादा, खरं सांग. पुढच्या सिनेमाचं मी कोणाला लिहू?"

तिला कळलंय, आबा. आठवा महिना आहे. जावईबापू कामावर गेले की ती घरात एकटी, आणि डोक्यात हे. लिहिलं तर धक्का बसेल, नाही लिहिलं तर रोज झुरेल. काही बरंवाईट झालं तर आई मला माफ करेल? मी तरी स्वतःला करेन?

तरीही टपाल निघायच्या आत तिला खरं लिहितो, हा शब्द देतो. तीन महिने पत्राखाली ‘तुझा आबा’ लिहीत आलो. आज तिथे माझं नाव घालीन.

तुमचा मुलगा,
मधुकर