करण पोपट

बदलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. कुमुदआत्यास हिमानीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि परवा आले तेव्हा काकांसमोर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते. तुमचा राघू साधा पोपट नाही. अंगाने मोठा, चोच जाड, खांद्याशी लाल डाग. हा करण पोपट. साधा पोपट शहरातही सुखाने नांदतो. करण मात्र कमी होत चाललाय, संकटाच्या उंबरठ्यावर आहे म्हणतात. ढोलीची जुनी झाडं जातात, ढोलीतली पिल्लं लोक विकतात. घरात पाळणं मात्र दोघांनाही गुन्हाच. मला आगाऊ म्हण हवं तर, पण राघूला वनखात्याकडे दे गं.

लोभ आहेच, तो रागावल्यावरही राहू दे.

हिमानी

अंबरनाथ, ९ फेब्रुवारी

चि. हिमानीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने यांची झोपच उडाली. आनंदनगरच्या कंपनीत जन्मभर साहेब म्हणून वावरले, आता म्हातारपणी केस नको म्हणाले. वनखात्यात गेलं की नाव-पत्ता आलाच. काल शिवमंदिरामागे पोपटांचा थवा उतरला, तेव्हा यांनी गच्चीत पिंजरा उघडला. जा, तुझीच माणसं आहेत, म्हणाले. धडपडत गेला बिचारा. मी रडले, पण तुझं ऐकलं हो आम्ही! आता शाब्बास म्हण.

आशीर्वाद, आणि वर थोडा रागही.

आत्या

बदलापूर, ११ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

हे काय केलंत! तो थवा साध्या पोपटांचा, ते त्याला आपल्यात घेणार नाहीत. त्याला धड उडता येत नाही, खाणं शोधता येत नाही. तो माणसांकडेच जाईल, आणि जो धरेल तो विकेल. गच्चीत पेरू ठेवा, हाका मारा. शनिवारी येतेच.

माझ्या बोलण्याचा राग धरू नका.

हिमानी

अंबरनाथ, १९ फेब्रुवारी

चि. हिमानीस आशीर्वाद.

तू शनिवारी त्याला शोधत हिंडून गेलीस, त्यानंतरही हे गल्लीगल्लीत राघू, राघू ओरडत फिरले. देवळापाशी फुलं विकणाऱ्या इंदुबाई म्हणाल्या, तो त्यांच्या टोपलीवर उतरला होता, एका मोटारसायकलवाल्याने पिशवीत घातला. मग हे उल्हासनगरला, राघू जिथून आणला त्याच माणसाकडे गेले. राघू तिथे नव्हता. खोक्यात पिल्लं होती, पुरती पिसं न फुटलेली, खांद्याशी लाल उमटू लागलेली. ले जाओ साब, अच्छा बोलेगा, असं तो वर म्हणाला.

यांनी रस्त्यावरूनच वनखात्याला फोन लावला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि आपणही इथूनच घेतला होता तेही सांगितलं. पिल्लं नेली त्यांनी; जगतील का, ते सांगत नाहीत. राघू काही सापडला नाही गं.

उद्या यांना जबाबाला बोलावलंय. मीही जाणार आहे. त्याला रोज भरवत मी होते, तेव्हा माझंही नाव लिहून घ्या म्हणणार आहे.

आमच्यावरची माया कमी करू नकोस.

आत्या