वाळवंटात धरलेली जागा

सेंगकांग, सिंगापूर
रविवार, ११ जानेवारी

तीर्थस्वरूप बाळूदादास,

बाराव्या मजल्यावरून शैलूचा साष्टांग नमस्कार (खालच्या मजल्यावर एक आजारी चिनी आजी राहतात, त्यामुळे जरा हळूच घातलेला). आम्ही चौघं बरी आहोत, म्हणजे विनीताची पाठ, माझं पित्त आणि धवलचा खोकला आपापल्या जागी आहेत. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींनी पाठवलेल्या शेंगदाणा चटणीचा डबा मी जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये उघडला, आणि त्या दिवसापासून एक तमिळ इंजिनिअर रोज माझ्यासाठी शेजारची जागा धरतो. (जागा धरण्याचं तेवढं लक्षात ठेव, पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला.) फोन असताना हा पत्र कसलं लिहितोय, असं म्हणशील. अरे, फोनवर लिहिलं की वहिनी वाचतात, आणि वहिनींनी वाचलं की ते फॅमिली ग्रुपवर येतं. ही गोष्ट तुझ्यामाझ्यातच राहायला हवी. का, ते शेवटी सांगतो.

तर डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन वाळवंटात जाऊन आलो. जैसलमेरच्या पुढे, अभयारण्यात, माळढोक बघायला. एवढ्या लांब कशाला, असं विनीताने विचारलं होतं, आणि खरं सांगू का दादा, मी तिला नुसते तिकिटांचे दर दाखवले. झालंय असं की आमच्या गार्गीचा (वय दहा, स्वभाव हेडमास्तरणीचा) माझ्या गावच्या गोष्टींवरचा विश्वास उडालाय. आम्ही विहिरीत उड्या मारायचो म्हटलं की विचारते, लाइफगार्ड कोण होता? चिंचेवर चढायचो म्हटलं की, अलाउड होतं? मग मी तिला माळढोकाचं सांगितलं. तू सातवीत, मी तिसरीत. तू मला पहाटे सायकलच्या दांडीवर बसवून माळावर नेलंस, आपण बाभळीखाली दबून बसलो, आणि समोरून तो एवढा थोरला पक्षी, पांढरी मान ताठ करून, तलाठी पाहणीला आल्यासारखा सावकाश चालत गेला. यावर ती काय म्हणाली असेल? "पप्पा, यू ऑल्वेज एक्झॅजरेट लाह." (लाह हे इथल्या इंग्रजीचं शेपूट, आपल्या 'बरं का'सारखं.) लागलं रे मला! पोटच्या पोरीने बापाला थापाड्या म्हणावं? म्हटलं चल, दाखवतोच तुला. आपल्या माळावर तो हल्ली दिसत नाही असं तूच म्हणाला होतास, म्हणून मग राजस्थान.

तिथे पोचल्यावर पहिले दोन तास कोणालाच काही कळेना. मी डोक्यात वाळूच्या टेकड्या घेऊन गेलो होतो. बघतो तर लांबच लांब पिवळं गवत, मधेच बोराटी, मधेच एखादी खेजडी (म्हणजे आपली शमीच), आणि चरणाऱ्या शेळ्या. विनीता चहूकडे बघून म्हणाली, "दोन विमानं बदलून तू मला सासरीच आणलंस की." धवल सहा वर्षांचा आहे. आमच्या एलआरटीच्या फलाटावर पुढची गाडी किती मिनिटांत ते लिहिलेलं असतं, त्यामुळे तो दर थोड्या वेळाने पुढचा पक्षी किती मिनिटांत असं विचारत होता. संत्र्याच्या साली टाकायला कचराकुंडी दिसेना म्हणून त्याने त्या माझ्या खिशात भरल्या. एवढ्यावर भागलं असतं, पण शेळ्यांच्या लेंड्या बघून त्याने मालकाचा पत्ता विचारायला सुरुवात केली, दंड कोण भरणार म्हणून. आमचे गाइड मनोहरजी, साठीचे, मिशाळ, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि आम्हाला पाणी प्यायला दिलं. ऊन लागलं असावं असं त्यांना वाटलं बहुतेक.

मनोहरजींनी सकाळी आम्हाला एका खेजडीखाली नेऊन बसवलं. म्हणाले, नशिबात असेल तर चारच्या सुमाराला पक्षी याच बाजूला येतो. आता जेवून घ्या, मग इथेच येऊन बसू. आम्ही उठलो. आता तुला सिंगापूरची एक रीत सांगायला हवी. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मोठ्या मंडपात म्हण, माणसं आधी टेबलावर टिशूचं पाकीट ठेवतात आणि मग जेवण आणायला रांगेत जातात. पाकीट ठेवलं की टेबल आपलं. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचो ना, तस्सं, फक्त इथे भांडण होत नाही. तर आम्ही जीपकडे वळलो तेव्हा गार्गीने मागे राहून खेजडीजवळच्या झुडपाच्या काट्यात टिशूचं पाकीट खोचलं, आणि लांबून दिसावं म्हणून दोन टिशू वर ओढून ठेवले. जागा धरली! कोसभर अंतरात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तिथे! आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं, हे कृपा करून ध्यानात घे.

चारला आलो. पक्षी बुजू नये म्हणून मनोहरजींनी जीप लांबच उभी केली आणि वनखात्याच्या चौकीवरून मोठी दुर्बीण आणायला ते चालत गेले. मी आपली छोटी दुर्बीण डोळ्याला लावली, आणि दादा, काय सांगू! खेजडीच्या बाजूला, गवताच्या वर, पांढरी ताठ मान! खाली तपकिरी अंग! मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे. मी कुजबुजत सगळ्यांना सांगितलं की हाच तो, ओळखला मी, बाळूकाकाबरोबर पाहिला तो अगदी अस्साच होता, हीच मान, हीच ऐट. माझे डोळे भरून आले (विनीता म्हणते मी हुंदका दिला, ती काहीही म्हणते). गार्गी माझी बाही ओढत होती. "पप्पा, आय थिंक..." मी म्हटलं, शू! ती पुन्हा म्हणाली, "पप्पा, दॅट वन..." मी म्हटलं, बेटा, आता बोलायचं नाही, बघायचं. आणि दुर्बीण काही तिला दिली नाही. अशी वीस मिनिटं गेली. एवढ्यात मनोहरजी आले, त्यांनी मोठी दुर्बीण रोवली, बराच वेळ पाहिलं, आणि मला वाईट वाटू नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "साहब, चिड़िया पर अंग्रेज़ी में कुछ लिखा है।"

विनीता जीपमध्ये आडवी पडून हसली. धवलने टाळ्या वाजवल्या. गार्गी मात्र हसली नाही. झुडपाशी गेली, पाकीट काढून आणलं, टिशू नीट घडी करून आत घातले आणि मला म्हणाली, "पप्पा, देन लास्ट टाइम ऑल्सो टिशू पेपर, इज इट?" (लास्ट टाइम म्हणजे इथल्या बोलीत पूर्वी, तुझ्यामाझ्या माळावर.) चेष्टा नव्हती रे त्यात. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. पुढे दोन दिवस राहिलो, खोकड दिसला, गिधाडं दिसली, माळढोक काही दिसला नाही. तेव्हापासून मी गोंधळलेलाच आहे. परवा बसमध्ये पासच्या ऐवजी विनीताचं लायब्ररी कार्ड दाखवलं.

असो. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
शैलू

ता.क. : गार्गीला शाळेत या सहलीवर बोलायचंय. साक्षीदार म्हणून ती तुला व्हिडिओ कॉल करणार आहे. काका कामात आहेत असं सांगून महिनाअखेरपर्यंत मी तो पुढे ढकललाय. तिने विचारलं की ठणकावून सांग, शैलू माझ्याबरोबर होता, आम्ही दोघांनी पाहिला.

ता.क. २ : वरचं खोडतो. दादा, त्या सकाळच्या माझ्या आठवणीत पक्षी आहे, बाभूळ आहे, आणि कपाळावर आईने ठेवलेली ओली पट्टीही आहे. माळावर ओली पट्टी कुठून येणार? मी तापाने घरीच होतो का रे? तू एकटाच जाऊन आलास, आणि माझ्या उशाशी बसून मला सगळं सांगितलंस, असं तर नाही? काय ते मला आधी लिही. गार्गीला काय सांगायचं ते मी बघतो. बहुतेक खरंच सांगीन.

ता.क. ३ : सांगितलं. लिफाफा चिकटवताना ती आली आणि कोणाला पत्र म्हणून विचारलं, मला खोटं बोलवेना. पट्टीचंसुद्धा सांगितलं. ती आत जाऊन टिशूचं पाकीट घेऊन आली. तेच, जैसलमेरचं. सोबत पाठवतोय, चुकून वापरू नकोस. पुढच्या डिसेंबरात आम्ही गावी येतोय, तोवर ते माळावरच्या त्या बाभळीखाली ठेव आणि वर दगड ठेव. पक्षी नाही आला तर काका त्याची गोष्ट सांगतील, असं म्हणाली, म्हणून तिने तुझीही जागा धरली आहे.