आरतीत न अडखळणारा मुलगा

बाबा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. मी रडलो नाही, हे आईने सगळ्यांना सांगितलंय. आज लिहितोय, कारण काल तुमच्या नातीला, ईराला, नोएडात स्पीच थेरपिस्टकडे नेलं. ती सहा वर्षांची आहे आणि माझ्यासारखीच अडखळते.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधला तो गणपती आठवतो? मी नऊ वर्षांचा होतो. सगळ्यांबरोबर आरती खणखणीत म्हटली. मग तुमच्या साहेबांनी नाव विचारलं आणि मी पहिल्याच अक्षरावर अडकलो. तुम्ही सगळ्यांसमोर थोबाडीत दिलीत.

"अच्छा! आरतीत जीभ बरोबर चालते आणि साहेबांपुढे अडते? नाटक बंद कर!"

शेजारच्या काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, लहान आहे."

"वहिनी, ह्याला सगळं जमतं. करायचं नाही, एवढंच."

पुढे कितीतरी वर्षं मीही तेच मानलं!

काल थेरपिस्टना ही आरतीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "सर, वही तो सबूत है." बोलायचं तर श्वास, ओठ, जीभ यांची हालचाल नेमक्या क्षणी व्हावी लागते. तो इशारा मेंदू आतून देतो. आमच्यासारख्यांत तो कधीकधी वेळेवर पोचत नाही. सगळ्यांबरोबर म्हणताना ताल बाहेरून मिळतो, म्हणून जीभ सुटते. भीतीने अडखळणं वाढतं, पण सुरू होतं ते भीतीमुळे नाही.

म्हणजे तुमचा पुरावा माझ्या बाजूचा होता! एकदा एखाद्या डॉक्टरला विचारायला काय झालं होतं? ऑफिसच्या एका फाइलसाठी तुम्ही चार जणांना विचारायचात.

एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. गेल्या महिन्यात ईरा शाळेतलं काहीतरी सांगताना अडली आणि मी ओरडलो, "नाटक बंद कर!" एकदाही न अडखळता. हुबेहूब तुमचा आवाज! त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, नुसती मान हलवायची. तेव्हा मी घाबरलो. तिला थेरपिस्टकडे नेलं ते त्यामुळे.

तुमच्यामुळे मी गप्प राहायला शिकलो. ती माझ्यामुळे शिकणार होती.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. गेलेल्यांबद्दल चांगलंच बोलावं, असं आई म्हणते. पण ईराने आजोबा कसे होते म्हणून विचारलं, तर खरं तेच सांगेन. माझंही सांगेन, कितीही वेळ लागला तरी. आणि ती बोलत असेल तेव्हा तिचं वाक्य तिलाच संपवू देईन. हे वचन मी तिला दिलंय. तुम्ही फक्त ऐकून घ्या, मधे बोलू नका.

प्रमोद